कंपाउंडमधला गद्धेगळ

‘पुरातत्त्वीय महत्त्वाचे काहीही आढळले नाही.’ या एका वाक्यावर माझं घर चालतं. उपनगरांत जुनी इमारत पाडून टॉवर बांधायचा असला की कुठल्या ना कुठल्या परवानगीसाठी ते वाक्य लागतं, आणि बिल्डर मला बोलावतात. मी हेल्मेट घालून प्लॉटवर फिरतो, पायाच्या खड्ड्यात उतरतो, फुटक्या टाइल्स आणि गुटख्याच्या पुड्या न्याहाळतो आणि वर येऊन ते वाक्य लिहितो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. बिल्डरांच्या मते माझं काम शोधण्याचं नाही, न सापडण्याचं आहे, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

त्यामुळे बोरिवलीतली आमची स्वतःची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा अहवाल कोणी लिहायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं चेअरमन म्हणाले. ते तळमजल्यावर आपल्या आईबरोबर राहतात आणि सगळ्या सोसायटीचा संसार आपणच ओढतो अशा थाटात वावरतात. मीही मान डोलावली. या कंपाउंडमध्ये मी लहानाचा मोठा झालो, इथे काय सापडणार होतं?

शिवाय मला घाई होती. आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, आणि आम्ही चौथ्यावर. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी परळची खोली विकून हे घर घेतलं तेव्हा आई एका दमात वर चढायची. आता तिचे गुडघे गेलेत. कित्येक वर्षं ती खाली उतरलेली नाही. दोरीला बांधलेली टोपली खिडकीतून सोडून भाजी घेते आणि भाजीवाल्याशी चार मजल्यांवरून भांडते. नव्या इमारतीत तिला फक्त एकच गोष्ट हवी होती, लिफ्ट. किचन केवढं, हॉल कुठल्या दिशेला, हे तिने एकदाही विचारलं नाही.

मग माती तपासणीसाठी बिल्डरच्या माणसांनी गेटजवळ खड्डा घेतला.

गेटजवळ एक दगडी खांब होता. गुडघ्याएवढा, दरवर्षी गेरू फासलेला, आणि त्यावर सोसायटीने ऑइलपेंटने लिहिलं होतं, ‘येथे गाड्या लावू नयेत.’ मी माझी स्कूटर रोज त्यालाच टेकवून लावायचो. खड्डा घेताना तो खांब मुळापासून उघडा पडला, आणि मला हाक आली. गेरूखाली सूर्य-चंद्र, मातीत गाडलेल्या भागावर ओळी आणि त्याखाली एका बाईवर चढलेलं गाढव. म्हणजे गद्धेगळ. जुन्या राजवटीत एखादी जमीन देवाला किंवा माणसाला दान दिली की असा दगड रोवत आणि दान मोडणाऱ्याला त्यावर शिवी कोरून ठेवत. शिवी वाचता न येणाऱ्यांसाठी खाली गाढवाचं चित्र असे. सगळ्या मुंबईच्या मातीत नाक खुपसून फिरणारा मी, आणि माझ्याच स्कूटरखाली हा उभा. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

कारण हे अहवालात लिहिलं की काम थांबणार. पुरातत्त्व खात्याचा माणूस येऊन बघेपर्यंत तिथे फावडं लावता येत नाही, आणि तो माणूस कधी येईल हे त्या माणसालाही माहीत नसतं.

चेअरमननी मला समजावलं. आपण काही मोडत नाही, जरा सरकवतोय. सभासदांच्या सह्यांनी एक अर्ज करू, दगड मागच्या भिंतीला टेकवू, तू फक्त नेहमीचं वाक्य लिही. मी नाही म्हटलं. ते वाक्य मी आजवर डोळे मिटून लिहिलं असेल, पण खोटं कधी लिहिलं नव्हतं, आणि सुरुवात घरापासून करायची माझी तयारी नव्हती. हे मी फार करारी चेहऱ्याने सांगितलं. चौथ्या मजल्यावर मात्र दोन दिवस विषय टाळत राहिलो.

चेअरमन माझ्याहून हुशार. त्यांनी रविवारी कंपाउंडमध्येच मीटिंग ठेवली आणि आईला दगडाची हकीकत कळवून निरोप पाठवला की काकींनी यावंच, आम्ही आणतो. मुलाने काय ते आईच्या तोंडावर सांगावं, हा हिशोब. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिघांनी आणि मी तिला खाली उतरवलं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. खाली आल्यावर ती मीटिंगकडे बघेचना. गेट बघितलं, रस्ता बघितला, समोरचं वाण्याचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं दुकान आलंय ते बघितलं. मग म्हणाली, खंय तो तुझो दगड?

तिची खुर्ची खड्ड्याच्या कडेला नेली. तिने मला वाचायला सांगितलं. मी दानाचा भाग वाचला, अमक्या देवाला ही जमीन करमाफ दिली वगैरे, आणि थांबलो. पुढे काय, असं चेअरमननी विचारलं. मी म्हटलं, पुढे शिवी आहे. शिवी कोणाला, म्हणून सेक्रेटरी पुढे सरकले.

“दान मोडणाऱ्याला नाही,” मी म्हणालो. “त्याच्या आईला. हे गाढव त्यासाठीच आहे.”

आतापर्यंत तो लिफ्टच्या, पार्किंगच्या आणि वाढीव कार्पेट एरियाच्या आड आलेला दगड होता. आता प्रत्येकाला आपापली आई आठवली. चेअरमननी तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे पाहिलं. तिथे त्यांची आई शेंगा सोलत बसली होती. ते हळूच म्हणाले, तिला आधीच बीपी आहे. सेक्रेटरी म्हणाले, आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण उगाच कशाला. दगड सरकवण्याचा अर्ज टेबलावर तसाच पडून राहिला, पेन कोणी उचललं नाही.

आईच एकटी वैतागली.

“शिवी माका, आणि भियातास तुमी?” ती म्हणाली. “सरकवा तो. माका लिफ्ट व्हयी.”

पण आता तिचं कोण ऐकतंय? ठराव झाला की दगडाला कोणी हात लावायचा नाही, खातं येईल तेव्हा येईल. बिल्डरची माणसं त्याच आठवड्यात सामान उचलून कांदिवलीच्या प्लॉटवर गेली. कायदा, इतिहास, वारसा यांवर मी इतकी वर्षं गावोगाव भाषणं दिली, एक वीटही वाचली नव्हती. त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी जागच्या जागी वाचवलं होतं. मला चक्क अभिमान वाटत होता.

मीटिंग संपल्यावर आईची खुर्ची परत वर न्यायची होती. तिसऱ्या मजल्यावर दम खायला आम्ही ती टेकवली. बाकीचे तिघे घाम पुसत होते. आईने मला खाली वाकायची खूण केली.

“जिंकलंस बाबा,” ती म्हणाली. “आता मी अजून किती वर्सां वर बसान रवाचा, ता खंय लिवलला आसा?”