सगळ्या श्रूजबरीची आत्या

रात्रभर बर्फ पडून पहाटे उघडलं होतं. घुगऱ्या शिजत टाकून पद्मिनीकाकू नवऱ्याचे बूट घालून दारात उतरल्या आणि फावड्यानं बर्फ ओढायला लागल्या. बारशाला बायका येणार, आधी वाट मोकळी हवी.

काकू मूळच्या कागलच्या. त्र्याऐंशी सालच्या, सातासमुद्रापारच्या श्रूजबरीत कुणाचीच सख्खी नणंद जवळ नव्हती, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान काकूंकडे आला. निम्म्या मराठी पोरांच्या त्याच आत्या.

आज मात्र घोडं नावावरच अडलं होतं. वरच्या मजल्यावरच्या विनय-सुमेधाला मुलीचं नाव हेलन ठेवायचं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या हेलननं बर्फाच्या वादळात सुमेधाला आपल्या गाडीतून हॉस्पिटलात पोचवलं होतं. वर्ध्याहून आलेल्या विनयच्या आईनं, बाळाच्या आजींनी, बजावलं होतं, असलं नाव ठेवाल तर पाळण्याला हात लावणार नाही.

"काहून बाप्पा? हेलन म्हणजे ते सिनेमात नाचते तेच ना?" आजी म्हणाल्या.

काकूंनी वाद घातला नाही. फावडं टेकवून त्या हेलनच्या स्वयंपाकघरात जाऊन नावाचा अर्थ तिलाच विचारून आल्या. मग रवा भाजता भाजता आजींना सांगितलं, नाव ग्रीकांचं, अर्थ उजेड, मशाल. एका हेलनपायी राजे जहाजं घेऊन लढाईला निघाल्याची गोष्ट आहे. दुसरी हेलन केलर, आंधळी न् बहिरी, पण तिनं पुस्तकं लिहिली. नाचणारीचा विषय पुन्हा निघाला नाही, पण आजींचा होकारही आला नाही.

पाळण्याभोवती बायका जमल्या. काकू वाकायच्या ऐवजी बाजूला सरल्या आणि त्यांनी हेलनला पुढं केलं.

"नाव आत्यानंच सांगा लागते," आजी म्हणाल्या.

"व्हय की. सख्खी तर मी बी न्हाई. वादळात धावली ती आत्या."

हेलन वाकली आणि आपलंच नाव बाळाच्या कानात पुटपुटली. आता रीतीनं बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. पण या म्हातारीला कोण मारणार? सगळ्यांचे हात तसेच राहिले. आजींनी पदर खोचला आणि पहिला बुक्का त्यांनीच घातला. हेलन दचकली, मग खुदकन हसली.

"आता झाली हे घरची," म्हणत आजींनी पाळण्याची दोरी धरली.

काकूंनी घुगऱ्या वाटल्या. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. नवऱ्याचे बूट चढवून त्यांनी फावडं उचललं, आणि या खेपेला हेलनच्या दारापासून सुरुवात केली.