साकव कुठाय?

वडील महाडला शिक्षक होते आणि कुठेही अन्याय दिसला की पत्रक लिहायचे. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, उलट्या बाजूनं वाचायला शिकले. त्यामुळे विसाव्या वर्षी माझी पक्की खात्री होती की जगातली प्रत्येक गोष्ट नीट लिहिलेल्या पत्रकानं दुरुस्त होते.

पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला मामाची वाडी. तिथला साकव, म्हणजे ओढ्यावरचा माणसांपुरता छोटा पूल, आदल्या पावसाळ्यात वाहून गेला होता. शाळा ओढ्यापलीकडे. माझी मामेबहीण नववीत होती, हुशार होती. मामानं तिला सांगून टाकलं होतं, "जूनपर्यंत साकव झाला तर दहावी. नायतर घरी बस."

मी पेटले. दोन पानी पत्रक लिहिलं: "पादचारी सेतूची तातडीने पुनर्बांधणी करा!" पोलादपूरच्या स्टँडवर स्वतः वाटलं. एका शेतकऱ्यानं मथळा वाचला आणि काळजीनं विचारलं, "हायवेचा पूल धड हाय की गो. पाडतायत काय?"

दुपारपर्यंत स्टँडभर बातमी झाली, हायवेचा पूल पाडणार!

मामी हसून हसून खाली बसली. "सेतू कसला गो? रामायण लिवलंस काय? साकव बोल. साकव कुठाय, इतकंच विचार."

माझा अपमान झाला होता. पण तिचं बरोबर होतं.

शिमग्याला मुंबईहून चाकरमानी आले, खिशात मोबाइल, वर एसएमएसची फुकट योजना. पालखी घरोघर निघाली आणि ओढ्याशी अडली. पलीकडच्या घरांना देव न्यायचा कसा? खांदेकरी दगडांवरून तोल सांभाळत निघाले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "साकव कुठाय?" सगळी वाडी ओरडली. ढोलसुद्धा त्याच ठेक्यावर वाजू लागला.

त्याच दिवशी मी इंग्रजी अक्षरांत एसएमएस लिहिला: मामेबहिणीची शाळा, मामाची अट, शेवटी SAKAV KUTHAY. चाकरमान्यांना म्हटलं, पुढे पाठवा, आपलंही काही असेल तर लिहा, फक्त शेवटचे दोन शब्द बदलू नका.

आणि ते पसरलं! आठवडाभरात अनोळखी नंबरांवरून मेसेज यायला लागले. कुणाची आजारी आई डोलीतून ओढ्यात उतरवली होती, कुणाचं भात पलीकडे अडकलं होतं. गावं वेगळी, दुःखं वेगळी, शेपटाला तेच दोन शब्द. आम्हाला वाटत होतं आमचाच साकव गेलाय! हॅशटॅग हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता, पण पुढे तो ऐकला तेव्हा मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. विखुरलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता देणारा शब्द, बस्स. आणि तो लोकांच्या तोंडचा असावा लागतो, माझ्यासारख्या शहाणीच्या वहीतला नाही.

एप्रिलमध्ये आम्ही सगळ्या वाड्यांचे अर्ज घेऊन एकदम तालुक्याच्या बांधकाम कचेरीत गेलो. साहेबांनी वर पाहिलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "माहीत आहे. माझ्या मेहुण्यानं पण मला तोच मेसेज पाठवलाय."

कचेरी हसली. आम्ही हसलो नाही, उठलोही नाही. साकवांच्या जागांच्या मोजणीची तारीख लेखी घेतली, मगच उठलो.

सगळ्या वाड्यांचे साकव त्या वर्षी झाले नाहीत. त्यासाठी पुढे पुन्हा भांडावं लागलं. आमचा मात्र मे संपता संपता लोखंडी खांबांवर उभा राहिला. शाळेच्या पहिल्या दिवशी मामेबहीण दप्तर छातीशी धरून त्यावरून जवळजवळ पळत गेली. मामा मागून सावकाश आला, प्रत्येक फळीवर पाय आपटून बघत.

"मजबूत हाय," तो म्हणाला. मग तिला हाक मारली, "हळू जा गो! आणि नापास झालीस ना, तर याच्यावरनंच परत आणीन!"

"आणा की," ती पलीकडून ओरडली. "आधी निकाल तर लागू दे!"