न विचारता दिलेला हात

प्रभाकर डोंगरे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उंच दांडीला लोंबकळत होते. पन्नाशीचे गृहस्थ, रेल्वे कारखान्याची खाकी पँट घातलेली, आणि चेहरा असा गंभीर की जणू ऑफिसात बसले आहेत. नव्यानेच राजधानी झालेल्या रायपुरात तेव्हा रोज कुठेतरी नवी पाटी लागत होती. आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलला मात्र धड दारही नव्हतं. मला गुढियारीतल्या घरून घेऊन आलेल्या बाबांनी खालूनच विचारलं, "पोट्टी कोलांट्या मारून काय करन, सर?" सर लोंबकळतच म्हणाले, "पहिले पडाले शिकन. मंग पाहू."

दांडीला लटकणं हा त्यांचा रोजचा नेम होता. डब्यांची चाकं हातोडीने ठोकून आवाजावरून दोष ओळखणं ही त्यांची नोकरी. हॉलमध्येही ते तसेच दांड्यांना ताणून धरणाऱ्या तारा पान्याने ठोकून ऐकत, मग स्वतः लटकून पाहत. मनासारखा आवाज येईपर्यंत कुणालाही वर चढू देत नसत. आम्ही पोरी कंटाळून विचारायचो, "सर, गाडी सुटते का आज?" तर म्हणत, "हव, सिग्नल भेटला."

मुलींना शिकवायचं म्हणजे आयांना काळजी. ती सरांनी कधी भाषणं देऊन घालवली नाही. संध्याकाळी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सोबत आणत. काकू दाराशी सतरंजी टाकून लाल भाजी निवडत बसत, आणि हळूहळू आमच्या आयाही आपापली भाजी घेऊन तिथे येऊ लागल्या. शिवाय सरांचा एक दंडक होता. आधार द्यायचा असला, तरी ते आधी विचारत, "हात देऊ?" आम्ही "हव" म्हटलं तरच त्यांचा हात पुढे येई. ज्या दिवशी आम्ही "नको सर" म्हणत असू, त्या दिवशी ते खाली दोन गाद्या जास्त टाकत आणि मुकाट्याने बाजूला उभे राहत.

हा दंडक त्यांनी एकदाच मोडला, तो माझ्या बाबतीत.

विभागीय क्रीडा स्पर्धा रायपुरात भरल्या होत्या. शेजारच्या राज्यांचे संघ आले होते, आणि आमच्या नव्या राज्याला जिम्नॅस्टिक्समध्ये अजून एकही मेडल नव्हतं. मी चौदा वर्षांची. तीन प्रकार झाल्यावर तिसऱ्या क्रमांकावर होते. उरला होता फक्त दांड्यांचा प्रकार: उंच दांडी सोडायची, हवेत पाय फाकवून उडायचं आणि पुन्हा तीच दांडी पकडायची. यात पडलं तर गुण जातात. पण प्रशिक्षकाचा हात लागला तर गुणही जातात आणि ती उडी केली असं धरतच नाहीत. चढण्याआधी सरांनी विचारलं, "हात देऊ?" मी म्हटलं, "नको सर."

मी दांडी सोडली आणि पाठीवर सरांचा हात आला. मी पायांवर उतरले, नीट. पंचांनी उडी धरली नाही. मेडल गेलं.

मी सगळ्यांसमोर ओरडले, "काहून धरलं? मी नको म्हटलं होतं!" सर एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, रजनी."

मी हॉलमध्ये जाणं बंद केलं. सर आमच्या घरी आले. बाबा माझ्यावर उखडले, "मान मोडली असती तुही, वरून सरायले बोलतेस?" सरांनी त्यांना थांबवलं. "नाही भाऊ, पोट्टीचं बरोबर आहे. तिनं नको म्हटलं होतं, मी आयकलं नाही." मोठ्या माणसाने माझी बाजू घेतल्याचं इतकं सुख वाटलं की दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तेव्हापासून जिम्नॅस्टिक्स करते आहे. आज बीरगावात कामगारांच्या मुलींना शिकवते. हे सगळं सरांचं देणं आहे.

पण सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या बैठकीत कुणीतरी सरांना सहज विचारलं, काही राहून गेलंय असं वाटतं का? सर म्हणाले, "रजनीचं मेडल. ते माह्या हातानं गेलं. पोरगी पकडत होती दांडी." मी तिथेच चहाचे कप गोळा करत होते. कप घेऊन तशीच आत निघून गेले.

म्हणून सर, आज सगळ्यांदेखत लिहिते. मी दांडी उशिरा सोडली होती. हवेत असतानाच मला कळलं होतं, हात पोचणार नाहीत. मी मानेवर खाली येत होते. आपला हात लागला तेव्हा आधी मला हायसं वाटलं. राग नंतर आला, कारण रागावणं सोपं होतं. नंतर कबूल करायची लाज वाटली, आणि वर्षं गेली. इतकी वर्षं आपण माझी माफी मागत राहिलात आणि मी ती घेत राहिले. मला माफ करा.

आपल्या पंचाहत्तरीला आणखी काय मागू? आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातल्या एकाही दिवशी त्या मेडलची आठवण आपल्याला न येवो.