दर्याच्या तळचं पाणी

सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली राही जहाजावर नोकरीला लागली, तेव्हा तिच्या आईला, तानीला, अन्न गोड लागेना. आश्रमशाळेत शिकून, मुरबाडच्या कॉलेजातून पदवी घेऊन पोरीनं गाठलं काय, तर समुद्राचं पाणी तपासणारं जहाज! बाप म्हादू एवढंच म्हणाला, "पोहता येत नाय तुला. जपून ऱ्हा."

पहिल्याच सफरीत राहीला अशी बोट लागली की नोकरी सोडायचं तिनं मनाशी पक्कं केलं. जहाजावरच्या शास्त्रज्ञ आरतीताईंनी तिला लिंबू चाटवून डेकवर आणलं. मे महिन्यातली दुपार. लोखंडाला हात लावला की चटका बसत होता. तेवढ्यात खोल सोडलेल्या बाटल्या तारेनं वर आल्या. एकीची तोटी उघडून राहीनं ओंजळ धरली आणि ती दचकलीच. पाणी बर्फासारखं गार!

"ताई, हे आलं कुठून?"

"दक्षिण ध्रुवाकडून. तिथं समुद्र गोठला की मीठ खालच्या पाण्यात उतरतं. ते गार, खारट पाणी जड होऊन तळाला जातं नि सरकत सरकत इथवर येतं. शेकडो वर्षं लागतात त्याला. वरचं पाणी वारा लोटतो, तळचं असं वजनानं चालतं. इकडची ऊब तिकडं नि तिकडचा गारवा इकडं, त्यावर ठिकठिकाणचं हवामान ठरतं."

ऊन, मळमळ सगळं विसरून राही त्या पाण्याकडं बघत राहिली. नोकरी सोडायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं बंदरावरून घरी फोन लावला. "बाबा, पॅसिफिक महासागरातले वारे मंदावलेत. एरवी ते वारे तिथलं गरम पाणी आशियाकडं लोटतात, आता ते पाणी मागं फिरतंय. असं झालं की बऱ्याचदा आपल्याकडं पाऊस ओढ देतो. भात लावा, पण उतारावर नाचणीपण टाका, तिला पाणी कमी लागतं."

म्हादू हसला. "तो दर्या कुठं, आमचा डोंगर कुठं गो!"

"खात्री नाय देत मी. पाऊस चांगलाही होईल."

तानीनं फोन ओढून घेतला. "बी हाय माझ्याकडं. टाकते मी."

ऑगस्टात पावसानं दडी मारली. राही सुटीवर आली तेव्हा भाताची खाचरं भेगाळली होती. बाप बांधावर बसलेला. "तुझा दर्या खरं बोलला," तो म्हणाला.

"खोटं ठरला असता तर बरं झालं असतं," राही म्हणाली. तिला रडू आलं. म्हादू उठला आणि तिला उतारावर घेऊन गेला. तिथं नाचणी हिरवीगार उभी होती, नि तानी खाली बसून तण काढत होती.

सप्टेंबरात पाऊस परतला. भात निम्मंच हाती आलं, पण कणगी नाचणीनं भरली. राहीचं जहाज बंदरात असताना म्हादूचा फोन आला.

"शेजारच्या वैशाखरे गावचा देवजी इचारतोय, पुढल्या साली पावसाचं कसं?"

"आताच नाय सांगता येत. उन्हाळ्यात विचारा म्हणावं."

"बरं. तवर आमी दोघं तुझं जहाज बघाया येतो."