भोंग्यानं हवा पिणारी मोटार

दादांनी हैदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून दोनच माणसांची, जुनी, उघडी मोटार आणली, तेव्हा आमच्या मुरूम गावात तशी दुसरी नव्हती. दिसायला चपळ, पण पेडल दाबलं की आधी विचार करायची, मग पळायची. माझ्या या थोरल्या भावाला ते सहन होईना. इंजिनाला मोकळी हवा मिळाली की गाडी पायाचं लगेच ऐकते, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं! हवा गाळणारा डबा काढून माळ्यावर गेला, बॉनेटला बाजूनं भोक पडलं आणि मोडक्या ग्रामोफोनचा भोंगा कार्बोरेटरला जोडून बाहेर आला.

फरक पडला, हे मान्य करायला हवं. पाय टेकताच गाडी उसळायची आणि भोंगा घोड्यासारखा फुरफुरायचा.

त्याच हिवाळ्यात उमरग्याला माझी शिक्षिकेच्या जागेसाठी परीक्षा होती. ती हुकली तर लग्न उरकून टाकू, असं वडिलांनी बजावलं होतं. मी पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली : दौत, दोन टाक, प्रवेशपत्र, मलमलीत बांधलेल्या दशम्या. एसटीची वेळही विचारून ठेवली होती.

"घरची गाडी असताना एसटी कशाला? लोक हसतील," दादा म्हणाले. एसटी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

वाटेत रस्त्यावर हुलगा पसरलेला. आमच्याकडं ही रीतच आहे. चाकांखाली शेंगा फुटतात, मळणी आपोआप होते. शेतकरी हात वर करून उभा होता.

"आलात तर दोन चकरा मारा की, मालक! लई झ्याक गाडी हाय."

कौतुक ऐकून दादा फुलले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पेडल दाबलंही. दुसऱ्या चकरेत भोंग्यानं भुसकट ओढून घेतलं. गाडी ठसकली आणि बंद पडली.

"घशात अडकलं जणू," शेतकरी म्हणाला. "पाणी पाजा तिला."

"दादा, भोंगा काढा."

"अगं, तुला गाडीतलं काय कळतंय?"

"मला परीक्षेतलं कळतंय. काढा आधी!"

त्यांनी भोंगा काढला. मी बोटं घालून आतली टरफलं उपसली. दशम्या शेतकऱ्याच्या हातात दिल्या, भोंगा परत बसवून त्याच्या तोंडावर मलमल ताणली आणि सुतळीनं आवळली.

"आता पळायची न्हाय पहिल्यासारखी," दादा कुरकुरले.

"पोचली तरी पुष्कळ."

केंद्राच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा होत होती. दारातल्या गुरुजींनी माझे काळे हात पाहिले.

"बाई, हात धुऊन या."

"आधी पेपर द्या, गुरुजी. हात नंतरही धुता येतील."

पहिल्या पानावर बोटांचे ठसे उमटले, पण एकही प्रश्न लिहायचा राहिला नाही. शाळेतल्या नेमणुकीचा हुकूम आला, तेव्हा वडिलांनी तो दोनदा वाचला आणि मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कळवलं, "मुलगी नोकरीला लागली. तुम्ही सध्या येऊ नका."