बर्फाचं मशीन आणि लेंग्याचा नाडा

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नरडाण्याच्या एका भंगारवाल्याकडून खड्डे पाडायचं पेट्रोलचं मशीन आणलं आणि दुसऱ्याच झटक्याला ते सुरू करायची दोरी तुटली. फोनवर ते मला एवढंच म्हणाले, "ये. तू शिकेल शे." मी जळगावात एका कचेरीत फायली सांभाळतो. त्या शिक्षणाचा मशीनला काही उपयोग नाही, हे आबांना आजवर पटलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आबा विहिरीजवळ पडले होते. उजवा खांदा दुखावला आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत ते तसेच पडून राहिले. तेव्हापासून माझ्या जळगावच्या फ्लॅटवर चला म्हणून मी त्यांच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी आमच्यात पैज ठरली. बांधावर कुंपणाचे बारा खांब रोवायचे होते, त्यांचे खड्डे आबांनी स्वतः पाडायचे. जमलं तर ते गावातच राहणार, नाही जमलं तर जूनच्या आत जळगावला. पहार उचलवत नव्हती, म्हणून हे मशीन. खरं सांगतो, दोरी तुटल्याचं ऐकून मला बरंच वाटलं. त्यांच्यासाठी खोली मी आधीच रंगवून ठेवली होती.

गावी पोचून पाहिलं तर मशीनवर एक चित्र चिकटवलेलं होतं. जाडजूड कोट घातलेला माणूस पांढऱ्याशुभ्र मैदानात बसलाय आणि त्याच्या हातात मासा. खालचा मजकूर मी मोबाइलवरून लावला. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायचं ते यंत्र होतं. लाल अक्षरांत इशारा होता, उभं राहण्यापूर्वी बर्फाची जाडी तपासा. मे महिन्याचं ऊन, काळ्या मातीला हातभर भेगा. आबांनी जमिनीकडे गंभीरपणे पाहिलं.

"तपासी ले," ते म्हणाले.

तुटलेल्या भागाचं नाव मोबाइलने सांगितलं, रिकॉइल स्टार्टर, म्हणजे दोरी ओढून मशीन सुरू करायची चकती. मी तेच गावातल्या मेकॅनिकला फोनवर सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटरची पेटी, आणि कॉईल म्हणजे दर उन्हाळ्यात जळणारी तांब्याची तार. तो जळालेल्या मोटरींत नवी तार भरणारा माणूस. टेस्टर आणि तारेचं रीळ घेऊन हजर झाला.

"कॉईल जयी गयी व्हई," त्याने बघायच्या आधीच निदान केलं. "फेज कोठे शे?"

"पेट्रोलवर चालस," आबा म्हणाले.

"मंग स्टार्टर कसाले?"

तांब्याची तार सापडेलच या आशेने त्याने झाकणाचे स्क्रू काढले, आतली दोरीची चकती उचलली आणि तिच्याखाली गुंडाळलेली स्प्रिंगची पट्टी सापासारखी उसळून शेजारच्या अक्कांच्या वाळवणात पडली.

"मन्या बिबड्या!" अक्का ओरडल्या. त्यांच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे सात-आठ पापड, कामी आले होते. पट्टी परत मिळवायला आम्हाला उरलेले सगळे पालथे करून द्यावे लागले.

मेकॅनिकने पट्टी पुन्हा गुंडाळून बसवली. आता दोरी हवी होती. बादलीची दोरी चकतीच्या भोकात जाईना, सुतळी ओढताच तुटली. आबा घरात गेले आणि बाहेर आले तेव्हा कमरेला लेंग्यावरून पंचा गुंडाळलेला होता आणि हातात त्याच लेंग्यातून काढलेला नवा कोरा नाडा.

नाडा बांधून ओढला. तो बाहेर आला, पण परत आत जाईना. मेकॅनिकने बराच वेळ विचार केला.

"उलटं फिरी राह्यनं. दोन फेज बदली टाका."

मोटर उलटी फिरली की हाच उपाय, त्यामुळे आबांनीही मान डोलावली. फेज नसल्याचं मी पुन्हा समजावलं. मग त्याने पट्टी उलटी करून गुंडाळली आणि नाडा सुर्रकन आत गेला. स्वतःच्या हुशारीने तो स्वतःच दचकला.

ओढायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ-दहा झटके मारले. मशीन नुसतं खोकलं. मी मनापासून ओढत नव्हतो, हे आज कबूल करतो. डोळ्यांसमोर ती रंगवलेली खोली होती. आबा थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले.

"सरक," ते म्हणाले.

त्यांनी मशीनवर पाय दिला, दुखऱ्या उजव्या हाताने कमरेचा पंचा धरला आणि डाव्या हाताने नाडा खेचला. दुसऱ्या झटक्याला मशीन असं गरजलं की अक्कांची शेळी दावं तोडून पळाली.

बर्फाचं पातं कोरड्या मातीवर नुसतं घसरत होतं. आबांनी खांबांच्या खुणांवर मला बादल्या ओतायला लावल्या, माती भिजू दिली आणि मग एकेक खड्डा पाडत गेले. दर खड्ड्यानंतर मशीन बंद करायचे, पंचा सावरायचे, डाव्या हाताने पुन्हा सुरू करायचे. मी बादल्या वाहत होतो, म्हणजे पैज हरायला स्वतःच पाणी घालत होतो. दिवस कलताना बारावा खड्डा झाला.

निघताना मी शेवटचं विचारून पाहिलं. आबा ओट्यावर बसले होते, पंचा अजून कमरेलाच.

"तुना फ्लॅटवर नाडा बांधीसन बसनं पडी," ते म्हणाले. "आठे गावमा पंचावर चाली जास."

मला हसू आलं आणि रडूही. गाडी सुरू केली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. पुढच्या रविवारी येताना नाडा आणायचा होता. एक नाही, दोन. एक मशीनसाठी.