मिशिगनची तीन मतं आणि माझं एक

ॲन आर्बरमध्ये येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मिशिगनबद्दल मी दोन गोष्टी शिकलो होतो: बर्फ कधी पडतो आणि भारतीय दुकानात मेथी कधी येते. इतिहासाशी गाठ घातली ती लेकीनं. २००७ सालच्या थंडीच्या तोंडावर तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं की, आपल्या राज्यानं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं ते कसं?

"सोपं आहे," मी म्हटलं. "जिंकला कोण ते लिहायचं, त्याचा फोटो चिकटवायचा, झालं." माझं अख्खं शालेय जीवन याच पद्धतीवर निभावलं होतं.

"बाबा, अठराशे छत्तीस आहे ते. अँड इट्स कॉम्प्लिकेटेड."

कॉम्प्लिकेटेड होतंच. मिशिगन तेव्हा राज्यच नव्हतं. शेजारच्या ओहायोशी जमिनीच्या एका पट्ट्यावरून भांडण चालू होतं, आणि ते मिटल्याशिवाय वॉशिंग्टनवाले राज्याचा दर्जा द्यायला तयार नव्हते. मिशिगनकरांनी मात्र वाट पाहिली नाही. आपली घटना लिहिली, गव्हर्नर निवडला आणि नोव्हेंबरात सगळ्या देशाबरोबर मतदानही करून टाकलं.

"म्हणजे लग्न लागायच्या आधीच जावई दिवाळसणाला येऊन बसला," बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

पुढे डिसेंबरात, आमच्याच गावात, कडाक्याच्या थंडीत सभा भरली. तिथे मिशिगनकरांनी तो पट्टा सोडला, आणि जानेवारीत राज्य झालं. फेब्रुवारीत वॉशिंग्टनला मतमोजणी, तिथे प्रत्येक राज्याच्या नावावर ठरावीक मतं. आता पंचाईत अशी की, मत दिलं तेव्हा राज्य नव्हतं, मोजताना आहे. मग निकाल दोन तऱ्हांनी वाचला गेला. मिशिगनची तीन मतं धरली तर इतकी, न धरली तर इतकी. जिंकणारा दोन्हीकडे तोच.

"पण मग ती धरली की नाही?" लेक चिडली होती. "दे नेव्हर सेड! दॅट्स सो रूड!"

मला तर ती युक्ती फारच आवडली. कोणाचा अपमान नाही, कोणाची मिजास नाही. मी म्हणालो, "असं डोकं आपल्या लग्नांतल्या मानपानात कुणी वापरलं असतं तर निम्म्या आत्या अजून बोलत असत्या."

त्याच सुमारास आमच्या घरातही एक प्रश्न लोंबकळत होता. साताऱ्याला आई एकटी राहायची. दसऱ्याच्या आसपास ती बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. पुण्याचा दादा म्हणाला, आता बास, फ्लॅट भाड्यानं देऊ आणि आईला इकडे आणू. नागपूरच्या ताईलाही ते पटत होतं. मला नव्हतं. आईची संध्याकाळची बाकावरची मंडळी, तिची भिशी, हाक मारली की दार उघडणारी समोरची काकू, हे सगळं साताऱ्यात होतं. दिवसभराची बाई ठेवू, पण तिला तिथेच राहू द्या, असं मला वाटे. रविवारी संध्याकाळी सहाला दादाकडे सगळे बसणार, मी फोनवर असणार, आणि तेव्हाच ठरणार असं ठरलं.

सहा म्हणजे आमचे सकाळचे साडेआठ. मी अंघोळ करून, चहा घेऊन, मुद्द्यांची उजळणी करून साडेआठच्या ठोक्याला फोन लावला.

"झालं रे सगळं," दादा म्हणाला. "तास झाला तुझी वाट बघून. इथे सात वाजलेत."

आदल्या रात्री अमेरिकेनं आपली घड्याळं एक तास मागे घेतली होती. वर्षातून एकदा मिळणारी ती फुकटची झोप मी मनसोक्त घेतली होती, आणि भारतात असलं काही करत नाहीत हे साफ विसरलो होतो. माझी नोकरी काय, तर कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या तारखा-वेळांच्या चुका शोधणं.

"मग काय ठरलं?"

"पुढच्या महिन्यात इकडे आणतोय. ताईचंही तेच मत."

"माझं वेगळं होतं."

"असू दे ना. तुझं धरलं तरी दोनास एक. न धरलं तरी तेच."

फोन स्पीकरवर होता. माझ्या बाजूला कॉर्नफ्लेक्स खात बसलेल्या लेकीचा चमचा हवेतच थांबला. मराठी तिला जेमतेमच यायचं, पण हे तिला शब्दन् शब्द कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, से इट एनीवे."

मग मी बोललो. बाक, भिशी, समोरची काकू, बाईचा पगार मी देईन, सगळं. वकिलासारखं बोललो. तिकडून वहिनीचा आवाज आला, "म्हणजे आमच्याकडे त्यांचं नीट होणार नाही, असंच ना, भावजी?"

"तसं नाही, वहिनी..."

"ॲन आर्बरमध्ये बसून बोलायला काय जातं तुझं?" दादा म्हणाला. "रात्री उठून तिला बाथरूमला नेणार कोण? तू?"

ताई म्हणाली, "जाऊ द्या रे दोघं," आणि फोन ठेवला गेला. लेकीनं मला टाळी दिली. मलाही वाटलं, निदान मत तर नोंदवलं.

आई पुण्याला गेली. फोन केला की सगळं छान आहे म्हणायची, आणि फार हळू आवाजात म्हणायची. जानेवारीत एकदा घरात कोणी नसताना तिनं स्वतःच फोन उचलला.

"तू नको म्हणाला होतास म्हणे," ती म्हणाली.

"हो. तुलाही साताऱ्यातच राहायचं होतं ना?"

ती म्हणाली, "इथे भाजीत मीठ कमी पडलं आणि मी ताटात वरून घेतलं, तरी तुझी वहिनी म्हणते, साताऱ्यासारखं नाही ना जमत आम्हाला! मी गॅलरीत बसले तरी यांना वाटतं, मी रुसले. वाईट नाहीत रे दोघं. सगळं करतात. पण तू बोलून बसलास, आणि आता मी हसतमुख राहिले तरच ते खरं धरतात. दिवसभर हसायचं म्हणजे गाल दुखतात."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"एक कर," आई म्हणाली. "दादाला फोन कर. म्हणावं, माझं चुकलं, आई तुझ्याकडेच बरी आहे. मला यांच्यातच दिवस काढायचेत रे."

त्या रविवारी मी वेळ दोनदा तपासून फोन लावला. दादाला म्हणालो, माझंही मत तुमच्या बाजूनं धर. तो म्हणाला, "बरं. हिलाही सांगतो." त्याचा आवाज मोकळा झालेला मला ऐकू आला. मागून वहिनींनी विचारलं, "भावजींना चहा कसला लागतो, विचारा. उन्हाळ्यात येतायत ना?"

साताऱ्याला भाडेकरू येऊन राहिले होते. आई दूरवरून कोणाला तरी सांगत होती, त्यालाही पटलंय आता, तिघांचंही एकमत झालंय. फार आनंदानं सांगत होती. मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो, कारण त्या घरात तिच्या बाजूनं एकच मत पडलं होतं, आणि ते आत्ताच मी काढून घेतलं होतं.